चोर जन्माला येतो का?

दोस्तांनो, आठवडी बाजाराला तुम्ही कधी ना कधी गेला असालच. तुळजापूरचा घ्या, नळदुर्गचा घ्या, नाहीतर कळंबचा. मिरच्यांचा ठसका, भेळवाल्याचा ओरडा आणि पायात पाय अडकतील अशी गर्दी. अशा गर्दीतून एक पाच वर्षांची मुलगी आईचं बोट धरून चालली आहे, असं समजा. भाजीची ओळ संपते तिथं एक बाई उभी आहे. कडेवर मूल, डोईवर गाठोडं. ती कुणाला हात लावत नाही की काही मागत नाही. पण तिच्याजवळ येताच आई पिशवी पोटाशी धरते, मुलीचा हात घट्ट आवळते आणि भराभरा चालायला लागते.

"कोण गं ती?" मुलगी विचारते.

"पारधीण आहे. चल लवकर."

झालं! शिकवणी संपली. फळा नाही, खडू नाही, पुस्तक नाही. पण हा धडा ती मुलगी पाढ्यांपेक्षा पक्का लक्षात ठेवणार. त्या बाईनं काही केलं होतं का? नाही. आईनं तरी तिला चोर म्हटलं का? तेही नाही. म्हणून तर हा धडा खोडून काढणं अवघड असतं. जे कुणी बोललंच नाही, ते खोडणार कसं?

हे नुसतं माझं म्हणणं नाही बरं का. इटलीतल्या काही संशोधकांनी बालवाडीच्या वयाच्या गोऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. मुलांना एक चित्रफीत दाखवली. तिच्यात एक गोरा माणूस आणि एक काळा माणूस भेटतात. काही मुलांनी पाहिलेल्या चित्रफितीत गोरा माणूस बोलतो छान, पण बसतो अंग चोरून, नजर टाळून. नंतर मुलांना त्या काळ्या माणसाबद्दल विचारलं. गोड शब्दांचा परिणाम फारसा दिसला नाही. मुलांनी उचललं ते अंग चोरणं! "आम्ही मुलांसमोर तसलं काही बोलत नाही हो," असं सांगणाऱ्या पालकांनी हा प्रयोग जरा सावकाश वाचावा.

आपल्या घरात तर बोललंही जातं. आठवून पाहा. "हे काय पारध्यासारखं ध्यान करून आलास?" "कैकाडणीसारख्या काय भांडता गं!" "वडारवाडा झालाय नुसता घराचा!" ही वाक्यं बोलणारी माणसं दुष्ट नसतात. आई दमलेली असते, आजीचं डोकं दुखत असतं, तोंडातून सवयीनं निघून जातं. वडार म्हणजे दगड फोडणारे, विहिरी खणणारे लोक. कैकाडी म्हणजे टोपल्या आणि धान्याच्या कणग्या विणणारे. ज्यांनी खणलेल्या विहिरीचं पाणी प्यायचं आणि ज्यांच्या कणगीत ज्वारी भरायची, त्यांच्याच नावाची शिवी करायची! अजब न्याय आहे.

आणि सगळ्यात जुनं, सगळ्यात लाडकं वाक्य कोणतं? "झोप लवकर, नाहीतर झोळीवाला घेऊन जाईल!" हे ऐकून झोपी गेला नाही असा मुलगा आपल्याकडं शोधावा लागेल. ऐकणाऱ्याला वाटतं, लहानपणीची भीती, मोठेपणी जातेच की.

जाते का?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाच्या गावात बाजाराचा दिवस होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून भिक्षा मागत फिरायला आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची काही माणसं तिथं आली होती. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणं, हेच त्यांचं जगणं. त्या दिवसांत मोबाइलवर एक अफवा फिरत होती, मुलं पळवणारी टोळी आली आहे म्हणून. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना कुणाला तरी दिसला, आणि जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. पाच माणसं जिवानिशी गेली. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं.

त्या जमावातली माणसं कधी काळी पाच वर्षांची होतीच ना? मोबाइलनं फक्त निरोप पोचवला. झोळीवाला माणूस मुलं नेतो, हे त्यांना त्याच्या कितीतरी आधी कुणीतरी अंथरुणात शेजारी झोपून, थोपटता थोपटता सांगितलं असणार. अफवेला तयार जमीन लागते. ती जमीन घरात नांगरली जाते.

आता पुन्हा बाजारातल्या त्या बाईकडं वळू. पारधी म्हणजे पारध करणारे, शिकारी. फासेपारधी म्हणजे फासे लावून तितर, लाव्हऱ्या, हरणं धरणारे. बारीक दोऱ्यांचे फास रानात असे मांडायचे की पाखराला गवताची काडी कुठली आणि दोरा कुठला ते कळू नये. कोणतं पाखरू कुठल्या पिकात उतरतं, पहाटे कुठं पाणी पितं, हे त्यांना तोंडपाठ. आपल्या आपल्यात ते गुजरातीशी नातं असलेली बोली बोलतात आणि गावात आले की मराठी. म्हणजे पारध्याचं लहान मूलसुद्धा दोन भाषा जाणतं. तुळजाभवानीच्या पायऱ्या उतरणाऱ्या भाविकांत तेही असतात. आणि त्यांच्यात नेहमी आढळणारी आडनावं सांगू? काळे, पवार, शिंदे, चव्हाण, भोसले. तुमच्या वर्गाचा हजेरीपट काढून बघा, यातली किती सापडतात ते!

मग या लोकांवर 'चोर' हा शिक्का बसला कसा? त्याची तारीखच सांगता येते. १८७१.

त्या वर्षी इंग्रज सरकारनं 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. त्यामागचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो. तसंच इथं चोराचा मुलगा चोर होत असणार, आणि म्हणून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार असणार! साहेबानं आपली जातिव्यवस्था पाहिली आणि तिच्यातून स्वतःच्या सोयीचा धडा काढला. खरं कारण जवळच पडलेलं होतं. रेल्वे आली, तसा बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा धंदा बसला. सरकारनं जंगलं ताब्यात घेतली, तशी शिकाऱ्यांना रानात जायची चोरी झाली. एका जागी न राहणारी, शेतसारा न भरणारी, कुठल्या वहीत नाव नसलेली माणसं कोणत्याही सरकारला आवडत नाहीत. कायद्यानं त्यांना वहीत आणलं. पण कसलं नाव लिहिलं त्या वहीत!

आधी हा कायदा उत्तर हिंदुस्थानात होता, पुढं मुंबई-मद्रासकडंही आला. धाराशिव जिल्हा (तेव्हाचा उस्मानाबाद) १९४८ पर्यंत निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथंही याच धर्तीचा कायदा होता. ज्या जमातीचं नाव यादीत गेलं, तिच्यातल्या माणसांनी पोलिसांकडं नोंद करायची, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, दुसऱ्या गावाला जायचं तर परवाना घ्यायचा. गुन्हा केलेला असो वा नसो! १८९७ च्या दुरुस्तीनं तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवायची मुभा सरकारला मिळाली. चार वर्षांच्या! ज्या वयात आपण चड्डीची गुंडी लावायला शिकतो, त्या वयात 'गुन्हेगार'.

तुळजापूरहून सोलापूर पंचेचाळीस किलोमीटर. तिथं अशांची मोठी वसाहत होती, भोवती तारेचं कुंपण घातलेली. आतली माणसं कामाला बाहेर पडायची तीही मोजून. कुंपण गेलं त्याला कित्येक वर्षं झाली, पण त्या भागाला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. पत्ता सांगताना, रिक्षात बसताना, सहज. नाव किती चिवट असतं पाहा.

स्वातंत्र्यानंतर हा कायदा रद्द झाला. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातल्या या जमाती मुक्त झाल्या. तेव्हापासून त्यांना 'विमुक्त' म्हणतात आणि हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. यादीत तेव्हा सव्वाशेच्या आसपास जमाती होत्या. कायद्याचा कागद एका दिवसात रद्द झाला. पण जो धडा ऐंशी वर्षं गावच्या पाटलानं, पोलिसानं, सावकारानं गिरवला होता, तो तोवर माजघरात पोचला होता. माजघरात कुठली सरकारी अधिसूचना पोचते?

वर आणखी एक झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आली. तितर वाचले पाहिजेत, हरणं वाचली पाहिजेत, यात वादच नाही. पण फासा टाकून दिलेल्या माणसानं दुसऱ्या दिवशी काय करायचं? शेत नाही. शाळेचा दाखला नाही. राखणदारीला ठेवा म्हटलं तर "पारध्याला राखण? म्हणजे मांजराला दुधाची राखण!" असं म्हणून लोक हसणार. अशा माणसांतल्या एखाद्यानं खरोखरच चोरी केली, की "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" म्हणायला सगळे मोकळे.

हो, तुम्ही विचाराल ते मला ऐकू आलं. "पण काका, काही पारधी चोरी करतातच ना? आमच्या गावात पकडलं होतं!" पकडलं असेल. नाही कसं म्हणू? पण मला सांगा, गावात चोरी करणारे इतर कुणी नसतात का? बँकेत घोटाळा होतो, सोसायटीत अफरातफर होते, कुणी विजेचा आकडा टाकतं, कुणी तराजूत मारतं. त्याची बातमी घरी कशी सांगतात? "अमक्याचा थोरला. संगतीनं वाया गेला बिचारा." त्याला नाव असतं, बाप असतो, वाया जायला कारणही असतं! आणि पारधी सापडला तर? "पारध्यानं केली चोरी." त्याला नाव नाही, कारण नाही. त्याची जात हेच नाव आणि जात हेच कारण.

हीच सगळी मेख आहे. आपला माणूस चुकला तर माणूस चुकला. दुसऱ्यांचा चुकला तर जात चुकली. शंभर पारधी दिवसभर उन्हात मजुरी करून रात्री भाकरी खाऊन झोपले, तर त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. एकानं कोंबडी उचलली तर ती गोष्ट दहा वर्षं ओट्यावर चालते. ऐकणाऱ्या मुलाच्या डोक्यात मग एकाच रंगाच्या गोष्टी साठत जातात, आणि त्याला वाटतं, हा आपला अनुभव आहे. अनुभव कसला? ऐकीव माल सगळा.

या भागातल्या एका माणसानं हे आतून लिहून ठेवलं आहे. लक्ष्मण गायकवाड हे लातूर तालुक्यातल्या धनेगावचे. लातूर जिल्हा वेगळा झाला १९८२ साली. त्याआधी हा भाग उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. म्हणजे लेखक आपल्याच जिल्ह्यातले म्हणायचे! त्यांचं आत्मकथन १९८७ साली आलं आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नाव 'उचल्या'. उचल्या म्हणजे उचलेगिरी करणारा. जमातीला इतरांनी चिकटवलेलं हे नाव त्यांनी पुस्तकाच्या पाठीवर छापलं.

त्यातली एक हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. लहानगा लक्ष्मण शाळेत जायला लागला. वस्तीतून शाळेत जाणारं असं पोर कुणी पाहिलंच नव्हतं. तेवढ्यात वस्तीतल्या मुलांना हगवण-ओकारी लागली, आणि मोठी माणसं म्हणायला लागली की हा शाळेत गेला म्हणूनच रोगराई आली! दचकलात ना? भीती अशी दोन्हीकडं रुजते. गावातली आई म्हणते, त्या पोरांत जाऊ नको. पालावरची आई म्हणते, त्या शाळेत जाऊ नको. शाळा म्हणजे गाव, गाव म्हणजे मार, हे तिला तिच्या घरानं शिकवलेलं. फरक एवढाच की तिच्या भीतीमागं पाठीवरचे वळ आहेत. आपल्या भीतीमागं बहुतेक वेळा नुसती गोष्ट असते.

आता तुम्हाला वाटेल, हे एका जमातीपुरतंच आहे. छे! जरा पाठ्यपुस्तक आठवा. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्ग स्टेशनवर गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरवलं. का, तर कातडी गोरी नाही. तो धडा वाचताना आपल्याला त्या गोऱ्यांचा राग येतो. वंशवाद म्हणतात याला. माणूस कसा आहे ते त्याच्या रक्तावरून, कातडीवरून ठरवायचं.

दुसरं स्टेशन आपल्या महाराष्ट्रातलं आहे, मसूर. साल १९०१. नऊ वर्षांचा भीम, त्याचा भाऊ आणि भाचे साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले होते. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला. पोरं खुशीत, नवे कपडे, डोक्याला टोप्या. मसूरला उतरली तर न्यायला कुणीच आलेलं नाही. स्टेशनमास्तर मायेनं चौकशी करू लागले. नीटनेटकी मुलं पाहून त्यांना ती वरच्या जातीची वाटली होती. मग त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? मुलानं खरं ते सांगितलं, महार. मास्तरांचा चेहरा पालटला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. पुढं दुप्पट भाडं देऊनही गाडीवान मुलांबरोबर गाडीत बसायला तयार नव्हता. मुलांनी गाडी हाकली आणि तो बाजूनं चालला. रात्रभर मुलांना प्यायला पाणी मिळालं नाही. हा भीम म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मोठेपणी त्यांनीच हे लिहून ठेवलं.

मला या गोष्टीत नेहमी त्या स्टेशनमास्तरांचा विचार येतो. क्षणापूर्वी तो भला माणूस होता. मुलांचे कपडे तेच, चेहरे तेच, अडचण तीच. मधे आला फक्त एक शब्द. त्या एका शब्दाला असं पालटायला त्यांना कुणी शिकवलं होतं? रेल्वेच्या परीक्षेत तर हा विषय नसतो.

आणि ही शिडी फार लांब आहे. प्रत्येक पायरीवरच्या घराला आपल्या खाली कुणीतरी लागतं. महार आणि मांग, दोघांनाही गावानं वेशीबाहेर ठेवलेलं. तरी त्या दोन वस्त्यांतही एकमेकांत शिवाशीव चालायची! १९४१ च्या फेब्रुवारीत धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि तिला बाबासाहेब आले होते. दोन्ही समाज एका मांडवाखाली. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती, ते वरची शिवाशीव लक्षात घेतली की कळतं. घटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता गेली ती १९५० साली. पण कपाटात मागं ठेवलेली 'वेगळी' कपबशी कित्येक घरांत त्यानंतरही कितीतरी वर्षं राहिली. मोलकरणीची, गड्याची, कधी प्लंबरची. लहान मूल पाणी द्यायला गेलं की आतून हळूच आवाज येतो, "त्यातून नको, त्या दुसऱ्या पेल्यातून." का, म्हणून विचारलं तर? "असं विचारायचं नसतं." जिथं 'का' विचारायची बंदी आहे, तिथं काहीतरी लपवलेलं आहे असं खुशाल समजा.

तुळजापूर तालुक्यात यमगरवाडी नावाचं छोटं गाव आहे. १९९३ पासून तिथं भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानची निवासी शाळा चालते. पारधी आणि इतर भटक्या समाजांतली मुलं तिथं राहून शिकतात. आईबाप आज या गावी, उद्या त्या गावी, मग एका जागी राहून शिकायचं कसं? म्हणून ही सोय. फासे मांडणाऱ्यांच्या मुलांनी पाटीवर अक्षरं मांडायला घेतली. यामागच्या कार्यकर्त्यांतले गिरीश प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ती मुलं शिकतात, पुढं कॉलेजात जातात, नोकरीचा अर्ज भरतात. त्यांच्या बाजूचा अभ्यास ती करताहेत. आपल्या बाजूचा कोण करणार? खोली भाड्यानं द्यायच्या वेळी घरमालकीणबाई आडनाव ऐकून खूश होतात, 'शिंदे का, वा!' आणि मग विचारतात, 'म्हणजे कुठले शिंदे?' मसूरच्या स्टेशनवरचाच प्रश्न तो. फक्त सव्वाशे वर्षांनी मोठा झालेला.

कायदा अजून मागं मागं येतोच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. निरनिराळ्या राज्यांच्या तुरुंगांच्या नियमपुस्तकांत कैद्यांना जातीप्रमाणं कामं वाटायचे नियम होते, आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरणारे उल्लेखही होते. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी ते उघडकीला आणले आणि न्यायालयात गेल्या. न्यायालयानं ते नियम घटनाविरोधी ठरवले. १९५२ साली जो शिक्का पुसला म्हणून आपण सांगतो, तो छापील पुस्तकात २०२४ पर्यंत होता! छापील पुस्तकातून काढायला न्यायालय तरी आहे. तोंडी पुस्तकाला कोणतं न्यायालय?

पालकांशी दोन शब्द. मुलांना उपदेश करायची गरज नाही. उपदेश त्यांना शाळेत भरपूर मिळतो, आणि इटलीतल्या मुलांचं काय झालं ते आपण वाचलंच. 'सर्व माणसं समान आहेत' हे वाक्य म्हणत म्हणत आपण पिशवी पोटाशी धरली, तर मूल पिशवी बघणार. त्यापेक्षा घरी कोण येतं, कोण जेवायला बसतं, याकडं बघा. मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या दहा मित्रांत एक तरी पालावरचा, वडारवस्तीवरचा होता का? त्याला बोलवायचं राहून गेलं, की बोलवायचं सुचलंच नाही? आणि आजी-आजोबांना मुलांसमोर तोडून बोलू नका. त्या पिढीनं तो धडा आपल्या आधी गिरवला, एवढंच. नातवंडानं हळूच एक प्रश्न विचारला तर तो जास्त खोल जातो, असा माझा अनुभव आहे.

म्हणून दोस्तांनो, या आठवड्याचा उपक्रम असा. एक वही घ्या आणि तिच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. घरात, ओट्यावर, एस.टी.त कुणाच्या चुकीची, चोरीची, भांडणाची बातमी कानावर आली की लिहून ठेवा. सांगणाऱ्यानं माणसाचं नाव घेऊन सांगितली तर डावीकडं, जात-जमात-धर्माचं नाव घेऊन सांगितली तर उजवीकडं. कुणाला अडवू नका, वाद घालू नका. फक्त लिहा.

आठ दिवसांनी दोन्ही बाजू मोजा. मग उजवीकडची एखादी बातमी निवडा, आणि आजी निवांत सुपारी कातरत बसली असेल तेव्हा तिच्याजवळ जाऊन बसा. विचारा, "आजी, हे लोक असे असतात, हे तुला कुणी सांगितलं गं?" ती म्हणेल, "माझ्या आजीनं." मग विचारा, "आणि तुझ्या आजीनं स्वतः पाहिलं होतं?"

ती काय म्हणाली ते आम्हाला पोस्टकार्डावर कळवा. पत्राखाली तुमचं नाव, इयत्ता आणि गाव जरूर लिहा. घरातल्या कुणाचं नाव मात्र लिहू नका.